आईचं नाव हरवलेला वजीर

मैत्रिणींनो, आपल्याकडे लेकरू जरा काळंसावळं जन्माला आलं की बाळंतिणीच्या खोलीतच चर्चा सुरू होते. कोणी हळद-साय लावायला सांगतं, कोणी म्हणतं, पोरगा आहे ना, मग चालतंय. पोरगी असली की मात्र आजीच्या कपाळावर आठी पडते. पुढे शाळेत गेल्यावर हेच लेकरू रडत घरी येतं, कारण वर्गातल्या कोणीतरी त्याला हबशी म्हटलेलं असतं. आपणही त्याचे डोळे पुसतो आणि लक्ष देऊ नको म्हणून सोडून देतो. पण हबशी म्हणजे कोण, हे त्या चिडवणाऱ्याला माहीत नसतं, रडणाऱ्याला माहीत नसतं आणि खरं सांगायचं तर समजूत घालणाऱ्या आईलाही माहीत नसतं.

हबश हे अॅबिसिनियाचं, म्हणजे आजच्या इथिओपियाचं जुनं अरबी नाव. तिथून आलेला तो हबशी. आणि आपला मराठवाडा, आपला बीड जिल्हा, शेजारचं नगर, पलीकडचं परांडा, दौलताबाद, जालना या साऱ्या मुलखाच्या कारभाराची सूत्रं एकेकाळी अशाच एका हबशी माणसाच्या हातात होती. चकलांब्यासारख्या गावातल्या शाळेत चौथीची पोरं शिवछत्रपतींचा इतिहास शिकतात. त्यात निजामशाहीच्या ओघात मलिक अंबर हे नाव ओझरतं येतं आणि निघून जातं. परीक्षेत जोड्या लावण्यापुरतं ते लक्षात राहतं. पण हा माणूस कोण होता, कुठून आला, त्याचा रंग कोणता, त्याच्या आईने त्याला कोणत्या नावाने हाक मारली, हे कोणी सांगत नाही. आज तीच गोष्ट सांगायची आहे. तुम्ही वाचा आणि संध्याकाळी भाकरी थापता थापता लेकरांना सांगा.

साधारण १५४८ च्या सुमारास इथिओपियात एक मुलगा जन्मला. घरचं त्याचं नाव चापू. तो लहान असतानाच गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. आईबापांनीच त्याला विकलं अशीही एक नोंद आहे. गरिबीने गांजलेल्या घरात काय घडलं असेल याचा आपण अंदाज करू शकतो. उपाशी लेकराकडे बघणारी आई कुठल्याही देशातली असो, तिचं काळीज सारखंच. तांबड्या समुद्राच्या पलीकडचं मोखा हे बंदर, तिथून बगदाद, असा त्या पोराचा प्रवास झाला. प्रत्येक ठिकाणी नवा मालक, नवी भाषा.

बगदादचा मीर कासिम नावाचा एक मोठा व्यापारी होता. पोरगा हुशार आहे हे त्याने ओळखलं. त्याने त्याला लिहाय-वाचायला शिकवलं, मुसलमान धर्माची दीक्षा दिली आणि नवं नाव दिलं, अंबर. अंबर म्हणजे समुद्रात सापडणारा एक मौल्यवान सुगंधी पदार्थ. ज्यांना स्वतःची किंमत ठरवायचा अधिकार नसे अशा गुलामांना मौल्यवान वस्तूंची नावं देण्याची तेव्हा रीतच होती. नाव सुंदर होतं, पण ते मालकाने ठेवलेलं होतं. चापू हे आईच्या तोंडचं नाव तिथे मागे पडलं. इतिहासात त्या आईचं नाव तर कुठेच नाही.

पुढे मीर कासिमने त्याला समुद्रमार्गे दख्खनमध्ये आणलं. तेव्हा अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, निजामशाहीचं राज्य होतं. या राज्याचा पेशवा होता चंगीझखान. नावावरून वाटतो तसा हा मंगोल नव्हता, हाही हबशी होता आणि तोही एकेकाळी गुलाम म्हणूनच इथे आलेला होता. त्याच्या पदरी हजारभर हबशी गुलाम होते असं सांगतात. त्यांच्यातच अंबरची भर पडली.

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं अद्भुत वाटेल. दख्खनच्या सुलतानांना हबशी गुलाम हवे असत ते शेतात राबवायला नाही, तर लढायला आणि राजवाडा राखायला. दरबारात सरदारांचे गट असत, भाऊबंदकी असे. दूर देशाहून आलेल्या, इथे कोणी नातेवाईक नसलेल्या माणसावर मालक जास्त विश्वास टाकत. आणि मालक मेला की हे गुलाम पुष्कळदा मोकळे होत, स्वतःची तुकडी उभारत, सरदारही बनत. अमेरिकेत पुढे काळ्या गुलामांच्या पिढ्यान् पिढ्या कापसाच्या शेतात संपल्या, तसं इथे घडलं नाही. पण म्हणून गुलामी गोड होती असं नाही. आईपासून तोडलेलं लेकरू ते तोडलेलंच.

चंगीझखानाचा १५७५ च्या सुमारास मृत्यू झाला. त्याच्या विधवेने अंबरला गुलामीतून मुक्त केलं. ही बाई कोण, तिच्या मनात काय होतं, यावर इतिहासाची पुस्तकं फार बोलत नाहीत. पण तिने ते केलं नसतं तर पुढचा मलिक अंबर घडला नसता, एवढं नक्की. याच सुमारास त्याचं लग्नही झालं. त्याच्या बायकोचं नाव बीबी करीमा. तीही सिद्दी म्हणजे आफ्रिकी वंशाचीच. परक्या मुलखात आपल्यासारखंच मूळ असलेल्या बाईबरोबर त्याने घर मांडलं.

त्यानंतरची वीसेक वर्षं त्याची उमेदवारीचीच होती. त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली, तिथे त्याला मलिक हा किताब मिळाला. दीडशे घोडेस्वारांची स्वतःची तुकडी जमली. पण तिथे त्याचं मन रमलं नाही. १५९५ च्या सुमारास तो आपली माणसं घेऊन परत निजामशाहीत आला.

ते साल निजामशाहीच्या कसोटीचं होतं. दिल्लीच्या अकबराची फौज अहमदनगरच्या किल्ल्याला भिडली होती. किल्ल्यात होती चांदबिबी. तिने तो वेढा कसा परतवला ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळ जणींनी शाळेत वाचली आहे. पण १६०० साली चांदबिबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली, किल्ला पडला आणि लहानग्या निजामशहाला मोगलांनी कैद करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकलं. राजधानी गेली, राजा गेला. आता निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं.

तेव्हा मलिक अंबर पन्नाशी ओलांडलेला होता. आपल्याकडे पन्नाशी आली की माणूस सुनांच्या आणि जावयांच्या गोष्टी बोलायला लागतो. या माणसाचं खरं काम पन्नाशीनंतर सुरू झालं. निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून त्याने परांड्याच्या किल्ल्यात त्याला गादीवर बसवलं. हाच दुसरा मुर्तजा निजामशहा. आपली मुलगीही अंबरने त्यालाच दिली. परांडा, जुन्नर, मग दौलताबाद अशी राजधानी हलत राहिली, पण राज्य टिकलं. जवळपास पाव शतक, मोगलांसारख्या बलाढ्य सत्तेला त्याने दख्खनमध्ये पाय रोवू दिला नाही.

हे त्याने कसं जमवलं? समोरासमोरच्या लढाईत मोगलांच्या तोफांपुढे आणि हत्तींपुढे आपला निभाव लागणार नाही हे तो ओळखून होता. म्हणून तो मोकळ्या मैदानात फारसा येतच नसे. शत्रूची रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, घाटात गाठायचं आणि मोठी फौज सावरायच्या आत पसार व्हायचं. हा मुलूख पायाखाली असलेले मराठे स्वार त्याच्या सैन्यात मोठ्या संख्येने होते. १६१० च्या सुमारास एका इंग्रज व्यापाऱ्याने त्याच्या फौजेची नोंद केली आहे. त्यात दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असा आकडा आहे. म्हणजे पाचांतले चौघे इथल्याच मातीतले. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे निजामशाहीत होते, वडील शहाजीराजे होते, जिजाऊंचे वडील सिंदखेडचे लखुजी जाधवही होते. ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो त्याचे धडे कितीतरी मराठा घराण्यांनी याच फौजेत गिरवले.

आता एक कटू प्रसंग. तो टाळून गोष्ट सांगितली तर ती अर्धीच राहील. एका डच व्यापाऱ्याने तो नोंदवून ठेवला आहे. मुर्तजा निजामशहाची आणखी एक बेगम होती, इराणी वंशाची, गोऱ्या रंगाची. जनानखान्यात दोघी सवतींचं काहीतरी बिनसलं आणि तिने अंबरच्या मुलीला काळी गुलाम म्हणून हिणवलं, बापावरूनही बोलली. ज्याच्या जोरावर ते सिंहासन उभं होतं त्याच्याच मुलीला रंगावरून ऐकून घ्यावं लागलं. मुलीने बापाला सांगितलं. परिणाम भयंकर झाला. १६१० साली अंबरने जावई आणि ती बेगम दोघांनाही विष घालून मारवलं, असं ती नोंद सांगते. गादीवर पाच वर्षांचा मुलगा बसवला गेला आणि सारी सत्ता अंबरच्या हाती आली. त्यात राजकारण किती आणि बापाचा संताप किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण रंगावरून मारलेला टोमणा किती खोल जातो, हे चारशे वर्षांपूर्वीच्या त्या जनानखान्यातही तसंच होतं आणि आजच्या शाळेच्या ओट्यावरही तसंच आहे.

त्याच १६१० साली दौलताबादजवळच्या खडकी नावाच्या गावी त्याने नवं शहर वसवायला घेतलं. नाव खडकी, जमीन खडकाळ आणि पाण्याचे हाल. शहर वसवायचं तर आधी पाणी हवं, हे त्याला कळत होतं. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात जमिनीखालचं पाणी अडवून, भुयारी कालव्यातून आणि मातीच्या नळांतून ते उताराने गावात आणलं. मोटार नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर पाणी वस्तीपर्यंत पोचवलं. हीच नहर-ए-अंबरी. तिच्यावर ठिकठिकाणी बांधलेले मनोरे आणि हौद यांच्या खुणा आजही दिसतात. पुढच्या शतकात याच धर्तीवर शहरात आणखी नहरी झाल्या. आपण सहलीला जाऊन बघतो ती पाणचक्कीची नहर त्यातलीच, अंबरनंतर शंभरहून जास्त वर्षांनी बांधलेली. आपल्या बीडची खजाना बावडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना भुयारी पाण्याची ही करामत नवी वाटणार नाही, तीही निजामशाहीच्याच काळातली. हंड्यावर हंडा घेऊन पायपीट केलेल्या बाईला पाणी आणणाऱ्या माणसाची किंमत वेगळी सांगायला नको.

या शहराला फार सोसावं लागलं. १६१६ साली जालन्याजवळ रोशनगावला मोगलांनी अंबरचा पराभव केला आणि खडकी जाळून लुटली. फितुरीही झाली होती, आपलेच काही सरदार पलीकडे गेले होते. त्याने शहर पुन्हा उभं केलं. पाच वर्षांनी, १६२१ साली, मोगलांनी ते पुन्हा उद्ध्वस्त केलं. त्याने तेही सावरलं. त्याच्या काळातला भडकल दरवाजा अजून उभा आहे. त्याने बांधलेल्या नौखंडा महालाच्या आवारात तर आज मुलींचं महाविद्यालय आहे. त्या पायऱ्यांवरून पुस्तकं घेऊन जाणाऱ्या मुलींपैकी कितीजणींना महाल कोणाचा होता हे ठाऊक असेल?

लढाईइतकंच त्याचं नाव झालं ते जमिनीच्या कारभारात. त्याच्याआधी सारावसुली मक्त्याने दिली जायची. जो जास्त रक्कम बोलेल त्याला मक्ता मिळायचा आणि मग तो रयतेला पिळून दामदुप्पट काढायचा. अंबरने ही मक्तेदारी बंद केली. जमिनीची पाहणी करून चांगली, मध्यम, हलकी अशी प्रत ठरवली, पीक बघून सारा ठरवला आणि गावाच्या वसुलीची जबाबदारी पाटील-कुलकर्ण्यांवर सोपवली. दुष्काळाच्या वर्षी आणि सुकाळाच्या वर्षी सारखाच चाबूक, हा अन्याय त्यामुळे कमी झाला. मलिकंबरी धारा हा शब्द पुढे कितीतरी वर्षं मराठी कागदपत्रांत येत राहिला. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी जी घडी बसवली तिच्यामागेही हीच पद्धत होती असं इतिहासकार सांगतात.

आपल्या भाषेत शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. गेवराई तालुक्यातल्या बाया कापूस वेचायला जातात त्या काळीतच. काळी आई म्हणून तिची ओटी भरतो, काळ्या विठोबाच्या पायावर डोकं ठेवतो आणि घरात काळी सून आली की तोंड वाकडं करतो. आपलं आपल्याला तरी हे पटतं का?

त्या काळच्या बादशहालाही हाच रोग होता. अकबराचा मुलगा जहांगीर आपल्या आठवणींत अंबरचा उल्लेख करताना त्याच्या काळ्या रंगावरून हेटाळणी केल्याशिवाय राहत नाही. त्याने एक चित्रही काढून घेतलं. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून जहांगीर बाण मारतोय आणि समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचं कापलेलं डोकं आहे. हे चित्र आज आयर्लंडमधल्या डब्लिन शहरातल्या संग्रहालयात आहे. गंमत अशी, की प्रत्यक्षात हे कधी घडलंच नाही. अंबर शेवटपर्यंत मोगलांच्या हाती लागला नाही. रणांगणावर जे जमलं नाही ते बादशहाने कागदावर करून घेतलं!

१६२४ साली अहमदनगरजवळच्या भातवडीला त्याची सर्वांत मोठी लढाई झाली. एका बाजूला मोगल आणि आदिलशहा यांच्या एकत्र फौजा, दुसऱ्या बाजूला अंबर. वय पंचाहत्तरीच्या घरात. तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, रात्रीचे छापे घातले, रसद तोडली आणि शेवटी दोन्ही फौजांचा धुव्वा उडवला. या लढाईत शहाजीराजांनी मोठा पराक्रम केला आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. कवी परमानंदांच्या शिवभारत या संस्कृत ग्रंथात या लढाईचं वर्णन आहे. म्हणजे शिवरायांच्या घराण्याच्या आठवणीत हा हबशी वजीर पक्का बसलेला आहे. आपल्याच आठवणीतून तो निसटला.

दोन वर्षांनी, १४ मे १६२६ रोजी, मलिक अंबर वारला. वय ऐंशीच्या जवळ. खुलताबादला त्याने हयातीतच बांधून ठेवलेल्या कबरीत त्याला ठेवलं. बीबी करीमाची कबरही तिथेच आहे. त्याच्या मृत्यूनंतर खुद्द मोगल दरबारच्या इतिहासकाराने, ज्याला त्याची स्तुती करायचं काहीच कारण नव्हतं, युद्धात आणि कारभारात याच्या तोडीचा माणूस झाला नाही, एका हबशी गुलामाने इतकी उंची गाठल्याचं दुसरं उदाहरण नाही, अशा अर्थाचं लिहून ठेवलं. शत्रूकडून मिळालेला हा दाखला.

पण माणूस म्हटला की डाग आलेच. स्वतः गुलामीचे चटके सोसलेल्या अंबरच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होतेच, ती रीत त्याने मोडली नाही. जावयाचा प्रसंग वर सांगितलाच. लेकरांना गोष्ट सांगताना हे लपवू नका. मोठा माणूस म्हणजे देव नव्हे, हे लहानपणीच कळलं तर पोरं पुढे कोणाच्या मागे आंधळेपणाने धावत नाहीत.

अंबर गेला आणि दहा वर्षांत निजामशाही संपली. त्याचा मुलगा फत्तेखान याला बापाची शहाणीव नव्हती, १६३३ साली त्याने दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं. शहाजीराजांनी १६३६ पर्यंत निजामशाही जिवंत ठेवण्याचा प्रयत्न केला, पण मोगल आणि आदिलशहा एक झाल्यावर तोही संपला. खडकीचं नाव फत्तेखानाने फत्तेनगर केलं, १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केलं आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. शहर तेच, पाणी ज्याने आणलं तोही तोच, पण त्याच्या नावाची पाटी कुठे नाही. त्याच्याबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं शत्रूंनी, परक्या व्यापाऱ्यांनी आणि शेजारच्या दरबारांनी लिहिलेलं आहे. ज्याची मुळं लहानपणीच तोडली गेली, त्याची आठवण जपायला घरचं माणूस कोण उरणार?

हीच वेदना सातासमुद्रापार अमेरिकेतल्या काळ्या माणसांची होती. शाळेच्या पुस्तकात त्यांचा इतिहासच नव्हता. कार्टर वुडसन नावाचे एक काळे इतिहासकार होते, त्यांचे आईवडील गुलामीत जन्मलेले. त्यांनी १९२६ साली, म्हणजे अंबरच्या मृत्यूला बरोबर तीनशे वर्षं झाली तेव्हा, फेब्रुवारीत काळ्यांच्या इतिहासाचा आठवडा साजरा करायला सुरुवात केली. १९७६ पासून तो पूर्ण महिन्याचा झाला. त्या महिन्यात तिकडच्या आया आणि शिक्षिका लहान मुलांना आपल्या माणसांच्या गोष्टी सांगतात, आजी-आजोबांना शाळेत बोलावतात, घरातले जुने फोटो मांडतात. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका ग्रंथालयाने भारतातल्या आफ्रिकी लोकांवर प्रदर्शन भरवलं, त्यात आपला मलिक अंबर होता. न्यूयॉर्कच्या पोरांना खडकीचा अंबर माहीत झाला. गेवराईच्या पोरांना कधी होणार?

अंबरचे भाऊबंद आजही आपल्या आसपास आहेत. कोकणात मुरूडचा जंजिरा सिद्दी घराण्याने सांभाळला, ते संस्थान १९४८ साली विलीन झालं. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दींच्या वस्त्या आहेत, त्यांच्या घरात कोकणी बोलतात. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. गुजरातेत गीरच्या जंगलाशेजारी जांबूर गावच्या हिराबाई लोबी या सिद्दी बाईंनी आपल्या बायकांसाठी बचतीचं आणि मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं, २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कर्नाटकातल्या सिद्दी बाया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कवंदी शिवतात. आपली वाकळ, आपली गोधडीच ती! चारी कोपऱ्यांना घडीची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. आजीच्या लुगड्याचा तुकडा, लेकराच्या अंगड्याचा तुकडा, सगळं एकाच वाकळेत. घराचा इतिहास पांघरायचा तो असा.

आता आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ. मैत्रिणींनो, तुमच्या लेकराला पणजीचं नाव विचारून बघा. खापरपणजोबाचं एखादवेळ सांगेल, कारण सातबाऱ्यावर, वंशावळीत पुरुषांची नावं असतात. त्र्यंबकेश्वरला क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी सापडतात. पण घरात वंशावळ मांडायला बसलो की लेकी-सुनांच्या जागी रेघ ओढून मोकळे होतो. अंबरच्या आईचं नाव गुलामीने पुसलं. आपल्या आज्यांची नावं आपण कोणाच्या जुलमाने पुसतो आहोत?

म्हणून काही साधी कामं सांगते, पैसा लागत नाही. शाळेची उरलेली वही घ्या. लेकरालाच लिहायला लावा. आईचं नाव, तिचं माहेर, आजीचं नाव, तिचं माहेर, पणजीचं नाव. माहिती नसेल तर गावातल्या थोरल्या बाईकडे लेकराला पाठवा. आमच्या भागात दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं, चार-पाच महिने लेकरं कोपीत राहतात किंवा गावात आजीजवळ. आजीजवळ राहिलेल्या लेकरांना हे काम द्या, आजीचाही वेळ जाईल आणि पोरांचीही वही भरेल. कोपीत राहिलेल्या लेकरांनाही सांगा, आपले आईबाप कोणकोणत्या कारखान्याला गेले, कोणत्या साली गेले, दुष्काळात काय खाल्लं, हाही इतिहासच आहे. तो लाज वाटून लपवायचा नसतो.

आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अभ्यासकांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. त्यांत आपल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. लिहिता न येणाऱ्या बायांनी गाऊन इतिहास जपला, आपण निदान बटण तरी दाबू या. जुनी वाकळ फाटली तर फेकण्याआधी लेकराला जवळ बसवा आणि कोणता तुकडा कोणाचा ते सांगा.

आणि पुढच्या सुट्टीत वेरूळला गेलात तर तसंच थोडं पुढे खुलताबादला जा. अंबरची आणि करीमाची कबर लेकरांना दाखवा. जाण्याआधी घरी नकाशा पसरून आफ्रिकेतून मोखा, मोख्याहून बगदाद, तिथून समुद्रावरून आपला दख्खन, अशी बोटाने वाट काढायला लावा. एवढी वाट एका लहान पोराने आईवाचून काटली, हे त्यांच्या मनात उतरेल.

मग शाळेत कोणी हबशी म्हणालंच, तर तुमचं लेकरू रडत घरी येणार नाही. ते उलट त्या पोरालाच खाली बसवून मलिक अंबरची गोष्ट सांगेल. आणि गोष्ट कोणी सांगितली असं विचारलं, तर आईने, असं म्हणून तुमचं नावही सांगेल. ते नाव त्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवायला विसरू नका.